वीतभर दगड

वडिलांनी तो दगड आजही वर्तमानपत्रावर ठेवला होता. वीतभर लांब, मनगटाएवढा जाड, लाटण्यासारखा गोल, आणि करड्या अंगातून तिरकी गेलेली पिवळीधमक शीर, तांब्याच्या खनिजाची... पंख्याच्या वाऱ्याने कागदाचं टोक फडफडायचं आणि दगडापाशी येऊन गप्प व्हायचं. त्या शिरेकडे बघायचं नाही, असं तो रोज ठरवायचा आणि रोज चहा निवेपर्यंत बघत बसायचा.

"काल समोरचे आले होते," वडील म्हणाले. "त्यांनाही दाखवला. म्हटलं, आमच्या चिरंजिवांनी जमिनीच्या पोटातून काढलाय."

तो हसला. म्हणजे ओठ तेवढे हलले.

वडील म्हणजे उभा जन्म लेथवर काढलेला माणूस. काम म्हणजे हातात धरून दाखवता येईल अशी वस्तू, एवढंच त्याला ठाऊक. 'दगड बघायला एवढं शिकलास?' असं ते भूगर्भशास्त्र शिकलेल्या मुलाला थट्टेत विचारायचे, आणि ती थट्टा जिव्हारी लागायची. मग एका संध्याकाळी कामावरच्या शेडमध्ये कोणी नव्हतं. ड्रिलच्या नळीतून निघालेले दगड पेटीच्या खाचेत ओळीने मांडता मांडता ही शीर ओली होऊन अशी काही चमकली, की... हात गेला. दगड पिशवीत गेला. रिकाम्या जागी त्याने रीतीप्रमाणे लाकडी ठोकळा बसवला आणि त्यावर लिहिलं — 'नमुना गळला', म्हणजे वर ओढताना नळीतून निसटून भोकातच राहिला. उद्या परत आणून ठेवीन, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. कसलं उद्या आणि कसलं काय! घरी आल्यावर बाबांनी तो दोन्ही हातांत घेतला, उलटसुलट केला आणि पहिल्यांदाच म्हणाले, "वा!" त्या एका 'वा'वर सगळं अडलं.

तो शेडमध्ये पोचला तेव्हा मोठे साहेब नेमके त्याच पेटीवर वाकले होते.

"बरोबर शिरेच्या जागीच गळावा?" ठोकळ्यावर बोट आपटत ते म्हणाले. "शेजारी पुन्हा भोक पाडायचं आता. आणि मिस्त्री, त्या मशीनवर दुसरा माणूस बसेल. तुम्ही गोदाम सांभाळा."

आता मिस्त्री भडकणार, असं सगळ्यांना वाटलं. हा मशीन चालवणारा म्हणजे बढाईखोर नंबर एक. 'भुसभुशीत माती असली तरी अख्खी वर काढीन, मिशीला पीळ देऊन सांगतो' म्हणायचा, आणि मिशी तर नव्हतीच. पण तो पुढे आला तो थेट याच्यासमोर.

"साहेब, पेटी तुम्हीच मांडलीत ना? नळीतून निघालाच नाही तो तुकडा?"

बोल. आता तरी बोल...

"नाही निघाला."

"मग गळलाच असणार. तुम्ही कशाला खोटं बोलाल?" मिस्त्रीने आपला हात उताणा धरला, जरा वर-खाली केला, परक्याचा हात बघावा तसा. "नळी वर ओढताना वजन तर बरोबर लागलं होतं. हाताला कळेनासं झालं म्हणायचं. बायको म्हणतेच, तुम्ही आता थकलात. तिचं काय, ती लग्नाच्या दिवसापासून म्हणतेय."

कोणीतरी हसलं. मिस्त्री हसला नाही; किल्ल्या मागायला गोदामाकडे गेला.

त्याने शिव्या घातल्या असत्या, चोर म्हटलं असतं, तर सोसता आलं असतं. पण हा तर माझ्या शब्दासाठी स्वतःच्या हातावरचा विश्वास सोडून मोकळा झाला! धरणीने पोटात घ्यावं, म्हणतात माणसं. तो तर धरणीच्या पोटातलंच चोरून बसलेला. ती कशाला घेते त्याला.

घराकडे चालताना त्याने ठरवून टाकलं — दगड घ्यायचा, उद्या साहेबांच्या टेबलावर ठेवायचा, होईल ते होवो. आणि बाबांना?... बाबांना काय सांगायचं, ते काही त्या वाटेवर सुचलं नाही.

वडील दगड मांडीवर घेऊन बसले होते, त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवत.

"ये, बैस. ती शीरबीर मला काही कळत नाही. पण हा गोलावा बघ. कुठे धक्का नाही, ओरखडा नाही. दगडात असं कापायला हात लागतो रे, हात! दाखव बघू तुझा."

त्यांनी त्याचा पंजा ओढून स्वतःच्या घट्टे पडलेल्या हातात घेतला.

"बाबा, तो माझा हात नाही," तो म्हणाला. "कापणारा दुसरा आहे. मी नुसता... उचलला."

वडील खदखदून हसले.

"अगं, ऐकलंस का?" त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक दिली. "म्हणतो, मी नुसता उचलला! मोठेपणा घ्यायला नको याला. अगदी माझ्यावर गेलाय."

आतून आईही हसली. खरं ते बोलून झालं होतं, आणि तेही कौतुकात जमा झालं होतं. आणखी एकच वाक्य पुरलं असतं. ते त्याला शब्दन्‌शब्द येत होतं. पण वडिलांनी हात सोडला नव्हता. लहानपणी रस्ता ओलांडतानासुद्धा त्यांनी कधी इतका घट्ट धरला नव्हता. ती पकड सुटू नये असं त्याला वाटत होतं, आणि दिवसभरात वाटली नव्हती एवढी लाज त्याला आता, त्या वाटण्याची वाटली.