बिनजिन्याचं घर

दशरथ म्हणेल ती काळ्या दगडावरची रेघ, असं मानणारा लवू घाडी. दोघे एकाच गावचे. मुलुंडच्या फर्निचरच्या दुकानात लवूला चिकटवलं दशरथनेच. तो टेम्पो चालवायचा, हा मागे उभा राहून कपाट धरायचा. दोरी बांधायची नाही, हा दुकानमालक शरच्चंद्रशेठचा नियम. दोरीने पॉलिशला चरे पडतात म्हणे! माणसाला पडले तर चालतात.

नाहूरजवळ गतिरोधकावर टेम्पो उडाला. कपाट बाहेर झुकलं, ते लवूने जीव खाऊन आत ढकललं आणि स्वतः रस्त्यावर आला. कपाटाला ओरखडा नाही, लवूच्या खुब्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलात केसपेपर लिहिताना दशरथ कानाशी लागला. "घरात जिन्यावरून पडलंय म्हणान सांग. पोलिसांची भानगड नको. शेठ तुका वाऱ्यावर सोडूचो नाय."

लवूने तसंच सांगितलं. ज्याने नोकरीला लावलं, तो आपलं वाईट कशाला करील? केसपेपरही दशरथनेच नेला, जपून ठेवतो म्हणून.

चार महिने ना दशरथ फिरकला, ना शेठ. शेवटी लवू काठी टेकत दुकानात गेला.

"शेठ, बसून करायचं काहीतरी काम द्या."

शेठने ड्रॉवरमधून तोच केसपेपर काढला. "तू घरी पडलास, लवू. तुझ्याच तोंडचं आहे हे. दुकानाचा काय संबंध?"

लवू दशरथकडे वळला. "दादा, तू सांग ना यांना."

दशरथ टेम्पोची किल्ली बोटात फिरवत राहिला. "पेपरात लिवलाहा, ताच खरा ना?"

लवूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्याने मारलं असतं तर सोसलं असतं, पण हा आपल्या माणसाने केसाने कापलेला गळा.

"अकरा वर्सां गणपतीक माझ्याकडे जेवतस," तो ओरडला, "माका सांग, माझ्या घराक जिनो खंय आसा?"

तळमजल्यावरची एकच खोली ती. दारात धड पायरीसुद्धा नव्हती.

"डिलिव्हरीक उशीर होता," म्हणत दशरथ बाहेर सटकला.

लवू हळूहळू मागून आला. टेम्पोत नवं कपाट उभं होतं, मागे धरायला कोणी नव्हतं. कपाटाला दोरीचे चार वेढे होते आणि पॉलिश खरवडू नये म्हणून दोरीखाली एक जुनी गोधडी घातली होती.

तशा तीन गोधड्या लवूच्या घरी पडून होत्या. कोणी मागितली असती, तर त्याने हसत आणून दिली असती.