वर ज्ञाना, खाली बजरंग, मधी मी

मी शिडी. परंड्यातल्या लाल बंबाच्या पाठीवर आडवी बांधलेली असते ना, ती. बंब निघाला की लोक बंबाकडं बघतात, भोंगा ऐकून बाजूला होतात, माझ्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. न बघू दे. आग वरच्या मजल्याला लागली की सगळ्यांच्या तोंडात माझंच नाव येतं.

जन्म माझा कारखान्यातला. अंग अॅल्युमिनियमचं, दोन भाग एकमेकांत सरकणारे. दोरी ओढली की मी वाढत जाते. कुर्डुवाडीकडून ट्रकात पडून आले तेव्हा वाटलं होतं, आता रोज कुणाचा तरी जीव वाचवायचा. कसलं काय! आधी माझ्यावर चढून लोकांनी दिव्यांच्या माळा बांधल्या. एका पुढाऱ्यानं तर वाढदिवसाला मला भिंतीला लावलं आणि स्वतःच्याच फ्लेक्सला हार घातला. दुसऱ्याच्या पाठीवर पाय देऊन वर जायची माणसाला लई हौस. बलभीमकाका बंबावर ड्रायव्हर म्हणून आले आणि हे सगळं बंद झालं. मागायला येणाऱ्याला ते दारातूनच परत पाठवायचे, "ही जीव वाचवायची शिडी हाय. लग्नाची भाड्याची भांडी न्हाईत."

मग ज्ञानेश्वरी आली. भरतीतून लागलेली, आमच्याकडची पहिली बाई. गावानं नावं ठेवली नसती तर ते गाव कसलं! चहाच्या टपरीवरून एकजण मोठ्यानं बोलला, "ही आता पदर सावरणार का पाइप?"

ज्ञाना जाता जाता म्हणाली, "पदर घरी ठेवून आलीय. पाइप तुझ्याकडं वळवू का?"

त्या दिवसापासून मला ती आवडली.

शिडीचा एक नियम असतो. एकानं चढायचं, एकानं पाय धरायचा. पाय धरायचा म्हणजे माझ्या बुडाला आपला बूट टेकवायचा, दोन्ही हातांनी मला आवळायचं आणि वरचं माणूस खाली येईपर्यंत हलायचं नाही. आभाळ कोसळलं तरी नाही. चढणाऱ्याचं सगळे कौतुक करतात. धरणाऱ्याचं कुणी करत नाही. पण त्यानं हात सोडला तर मी नुसती भंगार.

बजरंगची आणि ज्ञानाची गाठ अशी पडली. बजरंग मंडपवाला. लग्नाचे मंडप, पडदे, नवरा-नवरीचा सोनेरी सोफा, सगळं त्याच्या गोदामात. एका दुपारी गोदाम पेटलं. शेजारच्या माडीवर सरुबाई म्हातारी अडकली. बलभीमकाका पंपावर, बाकीचे पाण्याच्या पाइपवर, आणि ज्ञाना मला भिंतीला लावून ओरडतेय, "कुणीतरी पाय धरा रे!" गर्दी ही एवढी! पण प्रत्येकाच्या हातात मोबाईल. शूटिंग चाललेलं.

बजरंग आपल्या गोदामाकडं पळत होता. तो वळला आणि माझ्याकडं आला.

"सोडायचं न्हाय," ज्ञाना म्हणाली.

"न्हाय सोडत."

ती वर गेली. म्हातारी खाली यायला तयार होईना. "आधी माझी पानाची चंची घे, मग मी येते," म्हणून अडून बसली. इकडं लोक बोंबलत होते, "बजरंग्या, अरं तुझा सोनेरी सोफा गेला!" तो म्हणाला, "जाऊ दे." वळून बघितलंसुद्धा नाही. उलट मला आणखी घट्ट आवळलं. सरुबाई चंचीसकट खाली आली तेव्हा त्याचं गोदाम निम्मं राख झालं होतं.

ज्ञानानं हेल्मेट काढलं आणि त्याच्याकडं नीट बघितलं. बास. माणसं प्रेमावर किती बोलतात, पण ते जमतं असं एका बघण्यात.

नंतर तो सारखा यायला लागला. आधी म्हणाला, गोदामात आग विझवायचं सामान काय ठेवू? मग म्हणाला, वाळूच्या बादल्या कुठं टांगू? मग विचारायचं काही उरलं नाही, तर नुसताच यायचा.

बलभीमकाकांनी एकदा विचारलं, "बजरंग, आज काय पेटलंय?"

"कुठं काय, काका."

"मग रोज कशाला येतोस? का विझंना झालंय?"

तो लाजला. ज्ञाना हसली नाही. तिनं मला झाडाला लावलं आणि म्हणाली, "मोकळाच हाईस तर पाय धर. सराव करायचाय."

पुढं प्रत्येक सरावाला तो हजर. त्यांचं बोलणं ऐकून कुणी म्हणालं नसतं की ही प्रेमातली माणसं आहेत. ती वरून विचारायची, "जेवलास?" तो खालून म्हणायचा, "न्हाय अजून." एवढंच. पण वर तिचे हात, खाली त्याचे, आणि मधी मी. एकाच्या हाताची धग दुसऱ्याला पोचत होती ती माझ्यातून. चारचौघांत त्यांनी एकमेकांना बोट लावलं नाही. लावायची गरज काय होती?

लग्नाची बोलणी निघाली तेव्हा मात्र घोडं अडलं. बजरंगची आई गिरिजाबाई. नवरा गेल्यावर मंडपाचा धंदा एकटीनं ओढलेली, कुणाच्या बापाला न भिणारी. ती म्हणाली, पोरगी पसंत, शिडी नापसंत. लग्न झालं की ज्ञानानं चढणं सोडायचं, कचेरीत टेबलावर बसायचं. आणि हे सांगायला आला कोण? बजरंग.

"काही दिवस आईचं ऐक की," तो म्हणाला. "पुढं बघू काय ते."

"तुझं काय म्हणणं हाय?"

तो बुटाच्या टोकानं माती उकरायला लागला.

"मग इथून पुढं शिडीला हात लावू नको," ज्ञाना म्हणाली. "खालचा माणूस डळमळीत असला की मी चढत न्हाय."

त्या दिवशी तिनं मला कापडानं पुसलं, एकच पायरी कितीतरी वेळ पुसत राहिली. रडली नाही. पण मी तिचा हात ओळखते.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरोघरी, दुकानोदुकानी हत्यारांची पूजा. आणि एकदा हत्यार पूजेला बसवलं की दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत उचलायचं नाही, ही इकडची रीत. बंबावर ती रीत कशी चालणार? आग काय मुहूर्त बघून लागते? म्हणून आमच्याकडं जुनं, मोडकं सामान पूजेला बसवतात आणि कामाच्या सामानाला नुसतं कुंकू लावतात.

दुपारी गिरिजाबाई ताट घेऊन आली. मागं मान खाली घातलेला बजरंग, हातात झेंडूच्या माळा. तिनं मोडक्या सामानाकडं बघितलंसुद्धा नाही. मला बंबावरून उतरवायला लावलं, पाटावर टेकवलं, तांदळाची रास घातली, नारळ ठेवला, पायरीपायरीला झेंडू बांधला. बलभीमकाका "अहो वहिनी, अहो वहिनी" करत राहिले. बाईमाणसाच्या हातातलं पूजेचं ताट अडवायची त्यांची छाती झाली नाही.

"बसवली," गिरिजाबाई म्हणाली. "पोरी, आता उद्यापातुर हिला हात लावायचा न्हाय. आणि माझ्या घरात आल्यावर कधीच न्हाय. देवासमोर बोलतेय."

"मावशी," ज्ञाना म्हणाली, "तुमी नवरा गेल्यावर मंडपाच्या बांबूवर चढलात, तवा तुमाला कुणी देवाची शपथ घातली होती का?"

गिरिजाबाईनं तोंड उघडलं आणि तेवढ्यात फोन वाजला. बसस्टँडच्या रस्त्याला बॅटरीचं दुकान पेटलं होतं. वरच्या अभ्यासिकेत पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्या पोरी. जिना धुरानं भरलेला.

ज्ञानानं माझं एक टोक उचललं. नारळ घरंगळत गेला.

"पूजा मोडू नको, पोरी!" गिरिजाबाई ओरडली.

दुसरं टोक जमिनीवरच होतं. बजरंगनं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि ते टोक उचललं. "आई, सरक," म्हणाला. जन्मात पहिल्यांदा म्हणाला असंल.

झेंडूसकट गेले मी. ज्ञाना चढली, बजरंगनं पाय धरला. खालच्या दुकानाच्या धगीनं माझं अंग तापत चाललं, तरी त्यानं हात सोडला नाही. खिडकीतून एकेक पोरगी खाली यायला लागली. खोकत, रडत, एकीचा तर बूट माझ्या पायरीत अडकला. गिरिजाबाई रिक्षा करून मागोमाग आली होती. गर्दीत उभी राहून वर बघत होती. वर बघताना तिचा पदर कधी डोक्यावरून पडला, तिचं तिला कळलं नाही.

शेजारी एक माणूस मोबाईल धरून म्हणाला, "बाईला कशाला चढवलं? गडी माणूस न्हाय का कुणी?"

गिरिजाबाईनं त्याचा मोबाईल खाली केला. "सून हाय ती माझी! तुझ्यात दम असंल तर जा वर. न्हाय तर रस्ता मोकळा कर, अँबुलन्स यायचीय." आणि अर्ध्या गर्दीला तिनं एकटीनं मागं रेटलं.

ज्ञानानं वरून ऐकलं. एका पोरीला पायरीवर घेत म्हणाली, "मावशी, मी अजून हो म्हटलेलं न्हाय!"

गर्दी हसली. बजरंगला मान वळवता येत नव्हती, पोरी उतरत होत्या. तोंड माझ्याकडंच ठेवून तो म्हणाला, "ज्ञाना, चूक माझी झाली. आईच्या आडून बोललो. आता समोरून विचारतो. चढणं सोडू नको. माझ्याशी लगीन करतीस का?"

ती सगळ्यात शेवटी उतरली. तोंड काळं, डोळे लाल. शेवटच्या पायरीवर थांबली. "करते," म्हणाली. "आता सोड. हात भाजलेत तुझे."

लग्न झालं. ज्ञाना अजून चढते, मंडपाचं काम नसलं की बजरंग सरावाला येतो. गिरिजाबाई बाजारात भेटेल त्याला सांगते, माझी सून शिडीवर चढती, तुझी काय करती? माझं म्हणाल तर एका पायरीला बाक आलाय, रंग कुठं कुठं उडालाय, पण दोरी ओढली की मी अजून सरळ उभी राहते.

माझं मागणं एकच. आग लागली तर तुमी चढू नका, ते तुमचं काम नाही. शूटिंगही करू नका. वर एखादी पोरगी चढली असेल तर मोबाईल खिशात घाला आणि माझा पाय धरा. एवढं तर कुणालाही जमतं, आणि नेमकं तेवढंच कुणी करत नाही.

चला, बंबासमोरून गाड्या काढा.