धाकट्याच्या वतीने

थंडी सुरू झाली की ताईच्या लाँड्रीत कोटांची रीघ लागे, आणि ताईचं ठाम मत असं की त्यातले निम्मे कोट त्यांच्या मालकांपेक्षा बरे असतात. कोट निदान धुता येतो. कॉलरीवरच्या मळाच्या रेषेवरून तिला माणूस कळे: हा आंघोळीचा आळशी, हा खाण्याचा हावरट, ही नुसती वरवरची टापटीप. डागावर बोट ठेवून ती गिऱ्हाइकाकडे अशी बघे, जणू त्याने तो तिच्याच अंथरुणावर पाडलाय. तरी लोक येत, कारण डाग जात.

अशा या बाईच्या घरी, मागच्या खोलीत, तिचा धाकटा भाऊ भिंतीकडे तोंड करून पडून होता.

धाकटा पोहायला शिकवायचा. उन्हाळ्यात उघड्या तलावाच्या काठावरून त्याची शिट्टी रस्त्यापलीकडे ऐकू जाई. पाणी बघून भोकाड पसरणारी पोरं चार दिवसांत 'सर, अजून थोडा वेळ' म्हणून त्याच्या मागे लागत. थंडी आली की तलाव रिकामा करत, तळ घासत, वर जाळी टाकत, आणि त्याच सुमारास धाकटाही बूच काढल्यासारखा रिकामा होई. दर वर्षी थोडा जास्त. यंदा त्याने दाढी करणं सोडलं, मग ताटावर येणं सोडलं, आणि आता तर हाकेला 'ओ' देणंही सोडलं होतं. ताईला धास्ती वाटत होती. पण धास्ती वाटली की तिला राग येई, त्यामुळे बघणाऱ्याला नुसता रागच दिसत होता.

नातेवाईक सल्ले द्यायला टपलेलेच होते. मामांनी फोनवरच निदान केलं: आळस. हे मामा स्वतः खुर्चीतून उठायला मामीचा हात शोधतात. चुलतबहिणीने उगवत्या सूर्याची चित्रं पाठवली, खाली 'हसत राहा' असा हुकूम. शेजारच्या काकूंनी लग्न सुचवलं, जणू कुणाची तरी मुलगी म्हणजे गरम पाण्याची पिशवी. मदतीच्या फोनवर एका यंत्राने वाट बघायला सांगितलं आणि मध्ये असलं रडकं संगीत वाजवलं की धडधाकट माणूसही आडवा व्हावा. ताईने या सगळ्यांना मनातल्या मनात एका बोचक्यात बांधलं आणि घट्ट गाठ मारली.

शेवटी कळलं की आरोग्य केंद्राच्या वरच्या मजल्यावर एक समुपदेशक बाई बसतात. धाकट्याला सांगितलं तर त्याने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. मग ताई एकटीच गेली. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी मास्तरांनी धाकट्याला नाव विचारलं, तेव्हा ते ताईने सांगितलं होतं. त्याची औषधं ती आणे, त्याच्या चपला ती आपल्या अंदाजाने घेई, आणि त्याच्यावर जीव टाकणाऱ्या एकुलत्या एका मुलीला नकारसुद्धा तिनेच कळवला होता, त्याला न विचारता. तेव्हा हा इलाजही तीच आणणार होती.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, पेशंटला स्वतः यावं लागतं. ताई म्हणाली, "मग पेशंट मीच."

बाईंच्या खोलीत एक मरतुकडं झाड होतं, फुलाफुलांची उशी होती, आणि खुर्चीच्या हाताशी रुमालांचा खोका ठेवलेला. म्हणजे रडण्याची आगाऊ सोय. बाई मऊ आवाजाच्या होत्या आणि मऊ आवाजावर ताईचा विश्वास नव्हता. पण सोंग घेतलंय म्हटल्यावर ती धडाधड बोलत सुटली. सकाळी उठवत नाही. जेवण गोड लागत नाही. माणसं नकोशी झालीत. हे सगळं, दूधवाल्याच्या आधी उठून त्याच्याशी भांडायला दारात उभी राहणारी बाई सांगत होती. समुपदेशक बाई प्रत्येक वाक्याला 'हं' म्हणाल्या. 'हं' म्हणायला एवढं शिकावं लागतं का, असं ताईच्या मनात आलं. निघताना बाईंनी सुचवलं, रोज सकाळी फक्त पडदा उघडायचा, बाकी काही नाही झालं तरी चालेल. ताईने दुसऱ्याच सकाळी धाकट्याच्या खोलीतला पडदा असा खस्सकन ओढला की दांडी एका बाजूने निखळली. धाकट्याने कूस बदलली, एवढंच.

पुढच्या भेटीत मात्र पंचाईत झाली. बाईंनी विचारलं, "सकाळी जाग आली की पहिल्यांदा मनात काय येतं?"

ताईला माहीत नव्हतं. तिच्या स्वतःच्या मनात दूधवाला येई, पण ते सांगून काय उपयोग? आठवत नाही, पुढच्या वेळी सांगते, असं म्हणून ती घरी आली आणि आयुष्यात पहिल्यांदा धाकट्याच्या दारात प्रश्न घेऊन उभी राहिली. पोस्टमनने दारातून ओरडावं तसाच तिने तो टाकला. धाकट्याला इतकं नवल वाटलं की त्याने मान वळवली. म्हणाला, "अजून एक दिवस."

ते तीन शब्द ताईने जपून बाईंकडे नेले. तिथून नवा प्रश्न आणला. असं तिचं जाणं-येणं सुरू झालं. दुपारी अंगात थकवा कुठे जाणवतो? कुणाचा आवाज नकोसा होतो? शेवटच्या प्रश्नाला धाकटा म्हणाला, "तुझा." ताईने तेही इमानाने पोचवलं, 'माझाच मला' असं फिरवून. घरी ती बाईंची नक्कल करी, मान तिरकी करून 'हं' म्हणे, आणि एकदा धाकट्याच्या ओठांचा कोपरा हललाही. बाई बावळट असली तरी प्रश्न बरे विचारते, इतपत ताई खाली उतरली.

आणि मग एका सकाळी बाईंनी त्याच मऊ आवाजात विचारलं, "कधी जगणंच नकोसं वाटतं का?"

"छे," ताई म्हणाली, घरात ढेकूण आहेत का असं कुणी विचारल्यासारखी. "आमच्यात तसलं काही नाही."

या वेळी बाई 'हं' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "फार घाईने बोललात. पुन्हा विचार करावासा वाटला तर वेळ ठरवायची गरज नाही. सरळ वर या. आज मी संध्याकाळपर्यंत आहे."

ताई नाक मुरडत जिना उतरली. दुकानात येऊन तिने इस्त्री तापवली, आणि उत्तर बरोबरच दिलं असं स्वतःला पुन्हापुन्हा बजावू लागली. बरोबर उत्तर इतक्यांदा बजावावं लागत नाही, हे तिला कळत होतं. दुपारी तिने कोट घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना बाहेर काढलं. एक जण कुरकुरला तर म्हणाली, "एका दिवसाने कोट काही मरत नाही." स्वतःच्याच तोंडचा तो शब्द ऐकून ती कुलूप लावायचंही विसरली आणि घराकडे धावत सुटली.

धाकटा पडलेला होता. ताई पलंगाच्या कडेला बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

"माझं सोंग घेऊन बसत होतीस?" धाकटा उठून बसला. किती दिवसांनी त्याच्या आवाजात राग होता. "आणि आज काय विचारलं?"

ताईने तो प्रश्न जसाच्या तसा सांगितला. "मी नाही म्हणून आले," ती म्हणाली.

धाकट्याने पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाला, "चुकीचं सांगितलंस, ताई."

ताईचं तोंड उघडलं. सवयीने तिथे एक दटावणी तयारच होती, पण ती बाहेर आली नाही. मामा, चुलतबहीण, काकू यांच्यासाठी बांधलेल्या त्या बोचक्यात आपणही आहोत, किंबहुना सगळ्यात तळाशी आपणच आहोत, हे तिला दिसलं, आणि तिला स्वतःची किळस आली.

"कधीपासून?"

"गेल्या थंडीपासून."

"मला बोलला का नाहीस?"

"तू कधी विचारलंस? तू नुसती सांगत असतेस."

'ऊठ, चल,' हे ताईच्या जिभेवर आलंच होतं. तिने ते गिळलं. "त्या बाई अजून बसल्यात," ती म्हणाली. "येशील का?"

तिने एवढंच विचारलं आणि गप्प बसली. गप्प बसणं तिला इतकं जड गेलं की तिने पलंगाची कड धरून ठेवली. बऱ्याच वेळाने धाकट्याने पाय खाली सोडले. म्हणाला, "येतो. निदान तू काय काय बरळून ठेवलंयस ते तरी निस्तरतो." कोटाची बटणं त्याने एक घर सोडून लावली. ताईने ती बघितली आणि हात पदराखाली धरून ठेवले.

बाईंनी दार उघडलं. दोघांकडे पाहिलं, आणि त्यांना काय कळायचं ते कळलं असावं, कारण त्यांनी फक्त धाकट्याला आत बोलावलं. दार लागलं. ताई बाहेरच्या बाकावर बसली. आतून धाकट्याचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. इतकी भीती तिला जन्मात वाटली नव्हती.

काउंटरवरची मुलगी गोंधळून म्हणाली, "पण पेशंट तर तुम्ही होतात ना? बाईंनी तुमचंच सगळं ऐकून घेतलंय."

"ते मी सांगत होते," ताई म्हणाली. "ज्याचं आहे तो आता सांगतोय."