पोच

चार वाजता दादा गाडी घेऊन येणार होता, बाबांना वृद्धाश्रमात न्यायला. बाबांची वाचा पक्षाघातानं गेलेली, आईला ऐकू येत नाही. उद्यापासून धाकटी बहीण कामावर रुजू झाली की बाबांची हाक आईपर्यंत पोचणार कशी, हा दादाचा सवाल बिनतोड होता. "तुझा दिवा चालला तर राहू देत इथेच," एवढीच सवलत त्यानं बहिणीला दिली होती.

दिवा म्हणजे धाकटीनं आईच्या ओट्यावर जोडलेला एक एलईडी. एरवी सेकंदाला एकदा लुकलुकणार, बाबांनी उशाजवळचं बटण दाबलं की भराभर. अर्धा सेकंद भरला की टायमर दिव्यामागच्या चिपला हातातलं काम सोडायला लावणार, चिप दिवा पालटणार आणि परत बटणावर नजर ठेवायला जाणार. कागदावर सोपं. प्रत्यक्षात तीन दिवस दिवा नुसता मिणमिणत होता आणि बटण दाबून बोट दुखलं तरी ढिम्म.

तीन वाजले. धाकटीनं तारा बदलल्या, चिप बदलली, स्वतःच्या अकलेचा उद्धार केला. रडू कोसळायचंच बाकी होतं. त्यात बाबा चमच्यानं पेला वाजवत होते.

"आले हो!" ती जागची न हलता ओरडली. टण टण टण. "आले म्हटलं ना!" टण टण टण.

आई आत आली. पोरीचा चेहरा आणि बाबांचा हात पाहून तिला कळायचं ते कळलं. "अगं, त्यांच्याकडे बघून मान तरी हलव. जन्मभर टपाल वाटलंय त्यांनी. पोच मिळाल्याशिवाय थांबायचे नाहीत." आईनं स्वतःच मान हलवली, उशी सरळ केली. बाबांनी चमचा खाली ठेवला.

धाकटी बघतच राहिली. पोच! टायमर हाक मारताना एक खूण वर करतो. काम झालं की ती उतरवायची असते, आणि तिनं ती उतरवलीच नव्हती. टायमर बिचारा हाका मारत राहिला, चिप त्याच्याच मागे धावत राहिली. दिवा इतका भराभर पालटत होता की डोळ्यांना मंद दिसावा, मग बटणाकडे बघायला सवड कुणाला? प्रोग्रॅममधल्या एका ओळीपायी तीन दिवस मातीत!

हॉर्न वाजला तेव्हा ती ओळ लिहून झाली होती आणि दिवा सेकंदाला एकदा लुकलुकत होता. दादानं बाबांची भरलेली बॅग हातात घेतली. "दाबा, बाबा."

बाबांनी दाबलं नाही.

"बाबा, दाबा ना हो!" धाकटीचा आवाज फाटला. बाबांची नजर समोर उभ्या आईवर. दादा सुस्कारा टाकून दाराकडे वळला.

आईला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. ती दादासाठी पाणी आणायला ओट्याकडे गेली. ती दिसेनाशी झाली आणि बाबांचं बोट हललं.

दिवा भराभर लुकलुकायला लागला. आई ओल्या हातांनीच परत आली, त्यांच्याकडे बघून मान हलवली. बाबांनी बोट काढलं.

दादानं बॅग उघडली आणि बाबांचा कंगवा परत खिडकीत ठेवला.