अठ्ठ्याण्णव ठोके

"अठ्ठ्याण्णव!" लादिदीने पडद्याकडे बघून कपाळावर हात मारला. "हाजिया, अहो दोन गोळ्या पोटात गेल्यात. तरी काळीज असं धावतंय कशापायी?"

यंत्राच्या फळीवर आडवी झालेली हाजिया तसल्ला ओशाळून म्हणाली, "मी काय करू पोरी? मी तर हलतही नाहीये."

ठोके पासष्टाच्या आत आले नाहीत तर सीटी स्कॅनमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्या नीट उमटत नाहीत, नुसता फराटा येतो. कानोच्या ह्या इस्पितळात सव्वीस वर्षं तंत्रज्ञ असलेल्या लादिदीने असे फराटे पुष्कळ पाहिले होते, आणि त्यांखाली डॉक्टरांनी बिनदिक्कत लिहिलेलं 'विशेष काही नाही'ही. हाजियाच्या छातीत वर्षभर कळ येत होती. वर्षभर तिला गॅसच्या गोळ्या मिळत होत्या. चार महिने थांबून आज तिचा नंबर लागला होता.

डॉक्टर शितू दारातून डोकावले. "अजून हिचंच चाललंय? बाहेर लोक खोळंबलेत. काढून टाक."

"अठ्ठ्याण्णववर? दिसणार काय त्यात?"

"बायकांना धास्तीनेच धडधडतं. तू बटण दाब. वाचायचं मी बघतो."

लादिदीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुरुष छातीवर हात ठेवून आला की सगळे धावतात, आणि बाई आली की धास्ती! ती तोंड उघडणार तोच हाजिया कसनुसं हसली. तिचे दात ताजे नारिंगी रंगलेले होते.

"हाजिया, गोरो खाल्लात?"

"खाल्ला की. थोरल्या दिरांनी फाटकाशी दुवा देऊन हातावर ठेवला. थोरल्यांच्या हातचा गोरो नाकारू होय?"

"कॉफी घेऊ नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"कॉफी मी जन्मात प्यायले नाही. गोरोचं कुणी विचारलं?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. छापील कागदावर कॉफी होती, चहा होता, चॉकलेट होतं. चॉकलेट! ह्या गावात साठीची कोणती बाई सकाळी उठून चॉकलेट खाते? गोरोच्या त्या कडू बीत कॉफीचीच तरतरी असते, तेवढं कागदावर घाला, असा अर्ज लादिदीने तीनदा केला होता. तिन्ही वेळा तो कचऱ्यात गेला.

तिने हाजियाला हात देऊन उठवलं. "आज हा स्कॅन होणार नाही, डॉक्टर. उद्या सकाळी, सगळ्यांच्या आधी."

"हे ठरवणारी तू कोण?"

"बटण दाबणारी."

दुसऱ्या दिवशी ठोके एकसष्ट होते. सांगितलं तेव्हा हाजियाने श्वास रोखला. डावीकडची मोठी वाहिनी पडद्यावर लख्ख उमटली, आणि तिच्यात उरलेली दोऱ्याएवढी वाटही. डॉक्टर शितूंनी अहवाल लिहिला, सही ठोकली आणि निघून गेले.

बाहेर बाकावर हाजिया नवऱ्याशेजारी, मालम सुलेशेजारी बसली होती. लादिदी तिच्यापाशी वाकून हळू म्हणाली, "वाहिनी तुंबलीय. आता घरी जायचं नाही, थेट हृदयाच्या वॉर्डात."

"म्हणजे गॅस नव्हता?"

"नव्हता."

"नाटकंही नव्हती?"

लादिदीने मालम सुलेकडे पाहिलं. हा शब्द कुणाचा, ते तिला विचारावं लागलं नाही. "नव्हती, हाजिया."

हाजियाचे डोळे भरून आले, पण ती ताठ बसली. "कागद वाच, पोरी. मोठ्याने वाच. ह्यांना ऐकू दे."

लादिदीने पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मालम सुलेने डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर धरून बसला.