कोरडा बंब

विमानाचा आवाज कानावर आला तसे बंबकाका चहाचा कप हातात घेऊनच उठून उभे राहिले. समोर बसून निरोपसमारंभाची यादी वाचून दाखवणारी अग्निशमन बंबाची चालक मध्येच थांबली. तिला सवय होती. कुठलेही विमान उतरताना काका बसून राहत नसत. चाके टेकली, वेग ओसरला, विमान वळून इमारतीकडे निघाले, की मगच ते खाली बसत आणि अर्धवट राहिलेले वाक्य जिथल्या तिथून उचलत. घरीही तीच तऱ्हा. घर विमानतळाच्या भिंतीला लागून, त्यामुळे हातात घास असला तरी उठून उभा राहणारा नवरा काकूंनी सव्वीस वर्षे सांभाळला होता. तुम्ही उभे राहता म्हणून विमान नीट उतरते का, असे त्या विचारत. आजवर तरी उतरलेय, असे काका म्हणत.

आज काकांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. चार वाजता समारंभ, त्यात त्यांनी दोन शब्द बोलायचे होते, आणि गेले आठ दिवस ते दोन शब्द काही केल्या सापडत नव्हते. विमानतळाच्या अग्निशमन ठाण्यात एकतीस वर्षे काढली, पण सांगण्यासारखे घडले काय? काहीच नाही. थोरला भाऊ शहराच्या अग्निशमन दलात होता. त्याची तीन पदके दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत लावलेली. काकांच्या एकतीस वर्षांत धावपट्टीवर एकदाही आग लागली नव्हती. भाचरे त्यांना 'कोरडा बंब' म्हणत, आणि काकाही त्यांच्याबरोबर हसत.

ते रुजू झाले तेव्हा हा विमानतळ म्हणजे पत्र्याची एक शेड आणि शेरडे चरायचे माळरान होते. आठवड्यातून दोनदा अठरा जणांचे विमान यायचे. ते यायच्या आधी शेरडे हाकणे हे अग्निशमन दलाचेच काम, आणि एक म्हातारा बोकड होता, तो शिट्टीला अजिबात दाद द्यायचा नाही. पुढे डांबर आले, दिवे आले, मनोरा उभा राहिला. मग एके दिवशी परदेशातून थेट विमान यायचे ठरले, आणि अख्खा विमानतळ चुना लावून नटला. पहिल्या विमानावर दोन बंबांनी पाण्याची कमान धरायची होती. काकांनी पंधरा दिवस तालीम केली. ऐन वेळी वारा फिरला. विमान राहिले कोरडे ठणठणीत, आणि स्वागताला उभे असलेले पाहुणे, नव्या कोऱ्या गणवेशातले सीमाशुल्क अधिकारी आणि बँडवाले सगळे नखशिखांत भिजले. लेखी खुलासा मागवला गेला. काकांनी एकाच ओळीत लिहिले, 'पाणी वेळेवर पोहोचले.'

तीन मिनिटांत धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला पोहोचायचे, हा ठाण्याचा नियम. काकांनी हजारो वेळा सराव केला होता, नेहमी खोट्या आगीसाठी. एक गोष्ट मात्र त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, काकूंनाही नाही. मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना वाटायचे, एकदाच खरे काही घडावे. कुणाला इजा नको, पण आपल्या हातून काय होते ते एकदा तरी दिसावे. असे वाटले की त्यांना स्वतःचीच लाज वाटायची.

साडेअकराला मनोऱ्यातून बिनतारी संदेश आला. परदेशातून येणाऱ्या विमानात, पुढचे चाक बसल्याची खूण देणारा वैमानिकासमोरचा दिवा लागत नव्हता. चाक खाली आले आहे, पण घट्ट बसले आहे की नाही ते कळत नाही. विमानात एकशे बासष्ट माणसे.

संदेश संपायच्या आत ठाण्यातले तिन्ही बंब बाहेर पडले होते. चालकाने सराव केला होता तसाच बंब धावपट्टीच्या कडेला नेऊन उभा केला. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"काका, खरंच काही झालं तर?"

"तर आपण आहोत की. तू फक्त त्याच्या मागे गाडी ठेव. बाकीचं मी बघतो."

आग विझवणारा फेस सोडायच्या दांड्यावर त्यांनी हात घट्ट धरला. मनोऱ्यातून चाक पाहता यावे म्हणून विमान त्याच्याजवळून एकदा खालून गेले, वळले आणि पुन्हा लांबवर दिसू लागले. ज्याची एकतीस वर्षे चोरून वाट पाहिली तो क्षण समोरून येत होता, आणि काका मनातल्या मनात हात जोडत होते. नको. आज नको, कधीच नको. माझा हात कसा चालतो ते कुणाला दिसायला नको. मला कोरडाच घरी जाऊ दे.

मागची चाके टेकली. नाक हवेत राहिले, राहिले, आणि हळूच खाली आले. चाक टिकले. तिन्ही बंब धावपट्टीच्या टोकापर्यंत विमानामागे धावले, आणि विमान इतर कुठल्याही दिवसासारखे वळून इमारतीकडे निघाले. नंतर कळले, बिघाड दिव्यातच होता. काकांनी दांड्यावरचा हात काढला, तेव्हा तो आखडून गेला होता.

उतारू शिडीने उतरून, जवळच थांबलेल्या काकांच्या बंबासमोरून इमारतीकडे चालत निघाले. वैमानिकाने सूचना दिली होती, तरी बऱ्याच जणांना तो नेहमीचाच उशीर वाटला होता. एक गृहस्थ वाट वाकडी करून काकांकडे आले आणि वीस मिनिटे वर काय घिरट्या घालत होतात, माझी बैठक चुकली, असे तावातावाने भांडले. चुकलं आमचं, असे काका म्हणाले. इतक्या आनंदाने त्यांनी आयुष्यात कधी माफी मागितली नव्हती. सगळ्यात शेवटी एक बाई आली. तिच्या खांद्यावर तान्हे बाळ गाढ झोपलेले. सामान कुठे मिळते, असे तिने विचारले. काकांनी आधी चालकाला हातानेच खूण करून बंबाचे इंजिन बंद करायला लावले, आणि मग हलक्या आवाजात रस्ता सांगितला.

थोरला भाऊ साडेतीनलाच आला. चालकाकडून त्याने सगळे ऐकले आणि समारंभाच्या खोलीत न जाता ठाण्यात आला. काका ओल्या फडक्याने बंब पुसत होते.

"माणसं किती होती?"

"एकशे बासष्ट."

"सगळी घरी गेली?"

"गेली की. एक जण तर माझ्याशी भांडून गेला."

भाऊ हसला नाही. तो बंबाच्या पायरीवर बसला.

"आम्हाला आग लागल्यावरच बोलावतात रे," तो म्हणाला. "कितीही जोरात गाडी हाणली तरी पोहोचेपर्यंत कुणाचं तरी काहीतरी गेलेलंच असतं. तू आधीपासून तिथे उभा होतास. असा एक दिवस मला मिळाला असता, तर ती तिन्ही पदकं मी देऊन टाकली असती."

देवाने, नशिबाने, त्या कोण कुठल्या वैमानिकाने, सगळ्यांनी मिळून आपल्याला केवढे दिले हे काकांना आज, नोकरीचा अर्धा तास उरलेला असताना कळत होते. त्यांनी खिशातून दुसरे फडके काढून भावापुढे धरले. भाऊ उठला, बाह्या वर सारल्या आणि पलीकडची बाजू पुसायला लागला.

थोड्या वेळाने चालक बोलवायला आली. सगळे जमलेत, तुमच्यासाठी खोळंबलेत, असे तिने सांगितले.

"आलोच," काका म्हणाले. "दादाची बाजू व्हायचीय अजून."