दुःखद निधनाच्या शेजारची जागा

मित्रांनो, या जगात जितका म्हणून अंधार आहे, तो सगळा माझ्यापासून निघाला. रात्र माझ्याकडे बघून काळं व्हायला शिकली. विहिरीच्या तळाशी, देवळाच्या गाभाऱ्यात, माणसाच्या मनात जो काळोख असतो त्याचं मूळ मीच, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. मग एकदा मला रंगवणारा माणूस दुसऱ्याला कृती सांगताना ऐकला. बॅटरीचे संपलेले सेल फोडायचे, आतली काळी पूड घ्यायची, भोपळ्याच्या पानांच्या रसात कालवायची आणि चिंधीने फासायची. झाला अंधार तयार.

तर मी एक जुना फळा आहे. बेलापूरच्या अलीकडे प्रवरेच्या काठी एक गाव आहे, तिथल्या वाचनालयाच्या बाहेर, खिडकीखाली, चौकाकडे तोंड करून मी टांगलेला आहे. गावाचं नाव सांगत नाही. त्याची बदनामी आधीच पुरेशी झाली आहे.

माझी पहिली नोकरी शाळेत. सागाच्या तीन फळ्या जोडून सुताराने मला केलं आणि मी वर्गात उभा राहिलो. माझ्या छातीवरून गंगा वाहिली, ब्रह्मपुत्रा वाहिली, लसावि-मसाविने माझ्यावर पिढ्यांना रडवलं. मग शाळेत पांढरा गुळगुळीत फळा आला आणि मला व्हरांड्यात आडवा टाकून माझ्यावर खिचडीची पातेली ठेवू लागले. ज्या जागी गंगा समुद्राला मिळायची, तिथे वरण सांडायचं. मी तेव्हा रागवायला शिकलो. ते शिक्षण मी अजून सोडलेलं नाही.

तिथून मला वाचनालयाचे शिपाई पुंजाराम यांनी उचलून आणलं. त्यांना मयताच्या बातम्या लिहायला फळा हवा होता. आमच्याकडे माणूस गेला की आधी फळ्यावर जातो, मग घाटावर. पुंजारामांचं अक्षर मोत्यांसारखं, पण साचा एकच. वर ‘दुःखद निधन’, खाली नाव, कंसात वय, मग दहाव्याची वेळ आणि ठिकाण, आणि तळाशी ‘शोकाकुल’. गावाची नजरही त्याच साच्यात बसलेली. माझ्यावर कुणी ‘उद्या वाचनालय बंद’ एवढं लिहिलं, तरी चार माणसं टोपी काढून विचारत, कुणाच्या घरी झालं?

हे सगळ्यात बारकाईने वाचायचे बिभीषणराव. गावातले पुढारी. अजून कशालाच निवडून आलेले नाहीत, पण प्रत्येक पदाच्या अलीकडे ‘भावी’ लावून ते सगळं भोगून झालेलं आहे. आमच्या भागात दहाव्याला पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं होतात. बिभीषणरावांनी एकही दहावा चुकवला नाही. त्यांचा कार्यकर्ता रोज सकाळी माझा फोटो काढून नेतो. नाव, वेळ, ठिकाण. कार्यकर्ते एवढंच वाचतात.

मरणाला माझी डावी बाजू पुरायची. उजवी बाजू मोकळी होती. तिला शेळ्या अंग घासायच्या आणि माणसं पान खाऊन बोटं पुसायची. शेळ्यांना मी माफ केलं आहे.

मग आली ज्ञानेश्वरी. श्रीरामपूरला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवते. तिला वेड जपानी ॲनिमेचं, त्यातही एकाच जातीच्या. काळे किल्ले, उंच दगडी चर्च, धुकं, मेणबत्त्या, शाप लागलेली घराणी आणि मेली तरी न मरणारी माणसं. गावात तसलं बघणारे आणखी काही निघाले. सगळ्यांची एकच तक्रार: एक मालिका संपते, मन तिथेच अडकून राहतं, आता तसलंच दुसरं काय बघायचं ते कळत नाही. वाचनालयाचे अध्यक्ष गहिनीनाथ गुरुजी यांच्याकडून तिने माझी उजवी बाजू मागून घेतली आणि दर सोमवारी लिहू लागली. नावं जपानी असायची, ती मराठीत करून.

‘राखेची राणी’ आवडली? किल्ल्यासाठी पाहिली असेल तर ‘घंटाघरातली बहीण’ पाहा. रक्तासाठी पाहिली असेल तर ‘तेरावी शवपेटी’ पाहा, जेवण आधी उरका. राणीच्या एकटेपणासाठी पाहिली असेल तर ‘धुक्याचं घर’ पाहा. पहिल्या भागांत काही घडत नाही. तेच पाहायचं आहे.

मित्रांनो, मी आयुष्यभर माणसांना शिकवताना पाहिलं. समोरच्याला नेमकं काय लागलं, हे आधी विचारणारी पहिली बाई ही. मोबाईलही सुचवतो म्हणे. तुम्ही एकदा सुरी पाहिली की तो सुऱ्या दाखवत सुटतो, आणि शेवटी भाजी कशी चिरावी यावर येऊन थांबतो. आणि तुम्ही लोक त्याच्याहून भारी. कुणी येऊन म्हणायचं, सेम टू सेम पाहिजे. सेम टू सेम पाहिजे तर तीच परत बघ ना बाबा. दुसरा लगेच मध्ये तोंड घालायचा, ते सोड, मी सांगतो ते बघ. त्याला विचारलं कुणी होतं?

समोर लंकाबाईंचं चहाचं दुकान आहे. तिथून त्या माझ्यावर नजर ठेवून असतात.

“काय गं,” त्यांनी एकदा विचारलं, “तुजी भुतं जपानची ना? मंग चर्चमदी काय करत्यात?”

“मावशी, गोष्ट युरोपातली. काढली जपानमध्ये. सांगते मी मराठीत.”

“आन बघायची प्रवरेच्या काठाला. लई फिरवलंस बाई मेलेल्याला.”

या फळ्याचा खरा वाचक मात्र सहादेव टेलर होता. पावसाळ्यात त्याच्या बायकोचं, रंगुबाईचं, नाव माझ्या डाव्या बाजूला लिहिलं गेलं. काही आठवड्यांनी तो माझ्या उजव्या बाजूसमोर उभा राहायला लागला. हातात चहा, तोंडाने काही नाही. साठीचा माणूस, भुताची कार्टुनं बघतो हे कुणाला कसं सांगणार? पण फळ्यासमोर उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही. एक दिवस त्याने इकडेतिकडे पाहिलं, खिशातला कापडावर खुणा करायचा निळा खडू काढला आणि माझ्या कोपऱ्यात लिहिलं: ‘धुक्याचं घर पाहिलं. मारामारी नको. ती बाई परत येते तसं अजून काही.’

ज्ञानेश्वरीने ते वाचलं, पण तिने उत्तर लिहायच्या आतच घोटाळा झाला.

ज्ञानेश्वरी स्कूटीवरून घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. तिने पुंजारामांना फोन केला. “काका, एवढं लिहा फळ्यावर. काळ्या किल्ल्याचा सरदार अल्बर्ट. चारशे वर्षांचा असतो. शेवटच्या भागात मरतो. तो भाग आपण शनिवारी पाचला वाचनालयातल्या टीव्हीवर लावतोय. राखेची राणी ज्यांना आवडली, त्या सगळ्यांनी या.”

पुंजारामांनी ‘मरतो’ ऐकलं. पुढचं हाताने आपोआप केलं.

दुःखद निधन. काळ्या किल्ल्याचे सरदार अल्बर्ट (वय ४००). राखेची राणी पाहून ज्यांच्या मनाला चटका लागला, अशा सर्वांनी शनिवारी सायंकाळी पाच वाजता वाचनालयात यावे. शोकाकुल: ज्ञानेश्वरी आणि मित्रमंडळ.

आणि लिहिलं माझ्या डाव्या बाजूला.

शनिवारी ज्ञानेश्वरी आणि तिची मंडळी टीव्हीची वायर लावत होती, तेवढ्यात पांढरी गाडी थांबली. बिभीषणराव उतरले. हातात हार. त्यांनी चौकात जमलेल्या लोकांकडे पाहिलं, टोपी नीट केली आणि माझ्या खाली उभे राहून सुरू झाले.

“अल्बर्टराव गेले. आपल्यातलं एक मोठं झाड गेलं. माझ्या वडलांबरोबर सोसायटीत त्यांनी खांद्याला खांदा लावून काम केलं. कधी कुणाच्या अध्यात न्हाईत, मध्यात न्हाईत.”

वाचनालयाच्या दारात परवेझ उभा होता. बेलापूरच्या बाजारात मोबाईल दुरुस्त करतो, ज्ञानेश्वरीच्या मंडळातला आहे. तो अदबीने म्हणाला, “भाऊ, ते मानसांचं रक्त प्यायचे.”

बिभीषणरावांनी हार या हातातून त्या हातात घेतला. पण भाषणाचा सराव मोठा होता. “व्यसन कुणाला न्हाई? पन मनानं राजा मानूस. आता त्यांच्या कुटुंबाच्या पाठीशी आपन उभं ऱ्हायलं पायजे.”

“कुटुंब त्यांनीच खाल्लं,” परवेझ म्हणाला.

पुढे काय झालं ते तुम्ही मोबाईलवर पाहिलं असेल. चौकात कुणीतरी काढलेली ती चित्रफीत कोपरगावपर्यंत गेली. लोक लग्नात लावून बघतात.

आता मला सांगा, यात माझं काय चुकलं? ज्ञानेश्वरीचं काय चुकलं? बिभीषणरावांना पुंजारामांवर रागावता येईना, कारण उद्या खरे मयत त्यांच्याकडूनच कळणार. स्वतःवर रागवायची त्यांना सवय नाही. मग उरलो आम्ही. दुसऱ्या दिवशी त्यांचे कार्यकर्ते हातोडी घेऊन आले आणि माझ्या उजव्या बाजूवर फ्लेक्स ठोकून गेले. लाकडी चौकट, वर भाऊंचा हसरा चेहरा, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. वाढदिवस होऊन गेला होता. डावी बाजू त्यांनी हुशारीने मोकळी ठेवली.

ज्ञानेश्वरी आली, पाहिलं आणि स्कूटीकडे परत फिरली. तिचे ते रसिक, ज्यांना तिने एकेक करून त्यांच्या मनाजोगं शोधून दिलं होतं, त्यातला एक परवेझ सोडला तर कुणी हूं केलं नाही. “जाऊ दे ना, ग्रुपवर टाक,” म्हणाले. किती सोपं. चारशे वर्षांच्या सरदारासाठी ज्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, त्यांना कोपऱ्यातली निळी ओळ दिसली नाही. ग्रुपवर सहादेव नव्हता.

सहादेव आला. फ्लेक्ससमोर उभा राहिला आणि शुभेच्छुकांची नावं वाचत असल्याचं नाटक करत राहिला. त्याचा प्रश्न आत माझ्या अंगावर होता आणि त्याच्यावर बिभीषणराव हसत होते. चहा संपला, तो गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मित्रांनो, लाकडाला घाम फुटत नाही म्हणतात. त्या दिवशी माझ्या खिळ्यांना गंज चढला असेल.

शेवटी ज्ञानेश्वरीने गहिनीनाथ गुरुजींकडे अर्ज केला आणि वाचनालयाची कमिटी बसली. कमिटी लंकाबाईंच्या दुकानात बसते, कारण वाचनालयात चहा मिळत नाही. बिभीषणरावही आले. गुरुजी नियमाचे माणूस. त्यांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला.

“फळा मयतासाठी आणलेला आहे. मयताचंच लिहायचं. बाकीचं काही नाही. ज्ञानेश्वरी, पोरी, तुला दुसरी जागा बघावी लागेल.”

ज्ञानेश्वरीने मान खाली घातली. बिभीषणरावांनी बशीत चहा ओतला.

“मंग अडलं कुटं?” लंकाबाई गाळणीतला चोथा झटकत म्हणाल्या. “तिचे समदेच मेलेले हायेत. तो सरदार मेलेला, ती रानी मेलेली, त्या घंटावाल्या बहिनी बी मेलेल्या. एक तरी जित्ता हाय का गं?”

“एक माळी आहे,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “पण तोही दुसऱ्या भागात जातो.”

“बगा. गुर्जी, नेमात बसतंय का न्हाई?”

गुरुजी विचारात पडले. बिभीषणराव बशी खाली ठेवून म्हणाले, “मावशी, येड्यावानी काय बोलती? ते काय खरे मेलेले न्हाईत.”

लंकाबाईंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. “मंग तू भाषन कुनासाठी केलंस?”

दुकानात कुणी हसलं नाही. सगळ्यांनी चहाच्या ग्लासात बघितलं. बिभीषणरावांपुढे दोनच वाटा होत्या: एक तर सरदार अल्बर्ट खरोखर वारले हे मान्य करायचं, नाही तर त्या शनिवारी आपण हवेला श्रद्धांजली वाहिली हे. त्यांनी बशीतला उरलेला चहा संपवला.

“मानूस चांगला हुता,” ते म्हणाले आणि उठून गेले.

तेव्हापासून ज्ञानेश्वरी माझ्या डाव्या बाजूला लिहिते. साचा पुंजारामांचाच. पहिल्याच सोमवारी, हाताचं प्लास्टर निघाल्यावर, तिने लिहिलं: ‘दुःखद निधन. दिवा सांभाळणारी बाई (वय २६). निळ्या खडूवाल्यांसाठी. ही परत येते. मारामारी नाही. ती काही बोलत नाही, फक्त दिवा लावते. शेवटचा भाग घाई न करता पाहावा.’

सहादेवने ते उभ्या उभ्या वाचलं. मग शेवटची ओळ पुन्हा वाचली. चहा निवला. त्याने निळा खडू काढला, माझ्या अगदी तळाशी ‘बरं’ एवढंच लिहिलं आणि दुकानाकडे चालू लागला. त्याच्या मशीनचा आवाज चौकापर्यंत येतो. त्या दुपारी आला नाही.

बिभीषणरावांचा कार्यकर्ता अजून रोज सकाळी फोटो काढायला येतो, पण आता आधी लंकाबाईंना विचारतो, “मावशी, ह्यातला आपला कोनता?”

मित्रांनो, माझं वय झालं. माझ्या फटीत चुना बसला आहे, माझा एक कोपरा वाळवीने मागून घेतला आहे. तरी सांगतो, आणि रागानेच सांगतो. गावातला फळा झाकू नका. हसऱ्या चेहऱ्यांना जागा पुष्कळ आहे, सगळे विजेचे खांब त्यांचेच आहेत. कुणी तुमच्याकडे येऊन ‘असंच अजून काही आहे का’ म्हणून विचारलं, तर लगेच आपल्या आवडीचं त्याच्या अंगावर फेकू नका. त्याला त्यात काय सापडलं होतं ते आधी विचारा. जो माणूस अंधारातली गोष्ट मागतो, त्याला बहुतेक वेळा भुतं नको असतात. आणि ज्याने तुम्हाला एकदा तरी नेमकं काही सुचवलं असेल, त्याच्या फळ्यावर कुणी खिळा ठोकत असेल, तर निदान तोंड उघडा.

बाकी माझी काही मागणी नाही. फक्त बिभीषणरावांच्या फ्लेक्सचा खालचा कोपरा सुटला आहे. वारा आला की तो माझ्या बरगडीवर फडफडतो आणि मला गुदगुल्या होतात. इतकं रागवायचं असताना हसू येतं. जाता जाता कुणी तेवढा सुतळीने बांधून टाका.